पेटी मीच भाजली, विहीणबाई

विहीणबाईंना,

वाकून करावा असा नमस्कार आहे, पण कंबर परवानगी देत नाही, तेव्हा बसल्या बसल्याच घ्यावा. व्याह्यांनाही सांगावा. त्यांचा गुडघा कसा आहे? आणि मुख्य म्हणजे तुमची तब्येत कशी आहे? सूनबाई जाताना म्हणाली, आईला बरं नाही, आठ दिवस जाऊन येते. त्याला आज सव्वीस दिवस झाले. एवढं कसलं दुखणं धरलंय तुम्ही? तुमच्या जावयांनी परवा फोन केला तर तुम्ही म्हणे गच्चीवर टाकी धुवायला चढला होता. (टाकी धुणारं दुखणं मी पहिल्यांदाच ऐकलं.) तेव्हा तुम्ही आजारी आहात हे अजून तुम्हालाच कोणी सांगितलं नसेल तर मी सांगते. जपून राहा.

अक्षराला हसू नका. मी चौथीत गेले खरी, पण चौथीतून बाहेर कधी आले नाही. जोडाक्षरांशी माझं अजून पटत नाही, अडेल तिथं अंदाजानं वाचा. फोनच का नाही केला म्हणाल, तर फोनवर माझी जीभ आधी बोलते आणि मला नंतर ऐकू येतं. हे सगळं त्या जिभेनंच केलंय. कागदावर निदान हात दुखतो, त्यामुळे माणूस थांबत थांबत बोलतो.

सूनबाईनं तुम्हाला काय सांगितलं असेल? माझा अंदाज, काहीच नाही. सासूशी वाजलं एवढंसुद्धा नाही. खरं म्हणजे वाजलंच नाही. वाजायला दोन भांडी लागतात, तुमची मुलगी भांडंच नव्हे. तुम्ही तिला इतकी गुणी वाढवलीत, त्याचा त्रास आम्हाला होतो. म्हणून तिनं जे सांगितलं नाही ते मी सांगते. ऐकून तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा, फक्त पत्र मधेच टाकू नका. शेवटी काम आहे.

आमचं दुकान तुम्ही एकदाच पाहिलंत, तेही साडी सावरत. पुढच्या खोलीत मोटरी, मागच्या अर्ध्या खोलीत भट्टी, आणि दोहोंच्या मधे, पूर्वी जिथं तारेची रिळं रचलेली असायची तिथं, सूनबाईचं टेबल. हे गेल्यापासून त्यांच्या स्टुलावर मी बसते. त्याआधी चाळीस वर्षं त्याच स्टुलाशेजारी जमिनीवर बसून वेढे मोजत होते. मोटर म्हणजे काय हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. बाहेर लोखंडाचं कडं, त्याला आतून खाचा, खाचांत तांब्याच्या तारेचे वेढे. मधे रोटर, म्हणजे नुसता लोखंडी गडी, त्याला कुठूनही तार जोडलेली नाही. बाहेरच्या वेढ्यांत वीज सोडली की तिथं चुंबक तयार होतं, आणि ते एका जागी बसत नाही, या खाचेतून त्या खाचेत गोल पळत सुटतं. त्याला धरायला रोटर मागं धावतो. जन्मभर धावतो, कधी गाठत नाही. मी नवीन होते तेव्हा ह्यांना विचारलं, चांगली बेअरिंगं घातली तर गाठेल का? तर म्हणाले, गाठलं त्या क्षणी ओढ संपेल, मग तो धावेल कशाला? थोडं मागं राहण्यातच त्याची ताकद आहे. (एवढं शहाणपणाचं बोलणं त्यांच्या तोंडून मी एकदाच ऐकलं, तेही मोटरीबद्दल.)

मला मोटर आवडते कारण ती मनात काही ठेवत नाही. जळली तर वास येतो, बेअरिंग गेलं तर ओरडते, पाणी शिरलं तर झटका देते. भिजली तर धुवायची, भट्टीत सुकवायची, वार्निश द्यायचं, पुन्हा भट्टीत. भट्टी म्हणजे पत्र्याचं कपाट, आत हीटरच्या कॉइली. काटा दीडशे दाखवतो, पण मागचा डावा कोपरा त्याच्या बराच पुढं जातो, हे मला आणि भट्टीला ठाऊक. म्हणून तिथं जाड कातडीच्या मोटरी ठेवायच्या. इतक्या वर्षांत भट्टीनं बरी झाली नाही अशी ओली मोटर मी पाहिलेली नाही. हे वाक्य लक्षात असू द्या, माझ्या बाजूनं बोलणारं पत्रात हे एवढंच आहे.

आता सूनबाईची पेटी. हल्ली गाडीच्या इंजिनाजवळ चपटी ॲल्युमिनियमची पेटी असते. ती तिला ईसीएम म्हणते, मी डबडं म्हणायचे. (गिऱ्हाइकांसमोरसुद्धा म्हणायचे. सूनबाई काय करतेय? डबडी खाजवतेय. लोक हसायचे, तीही हसायची. आता आठवतं की ती सगळ्यांत शेवटी हसायची.) पाणी किती तापलं, हवा किती आत आली, दांडा फिरून कुठं आला, ड्रायव्हरनं पाय किती दाबला, या बातम्या द्यायला इंजिनावर जागोजागी सेन्सर बसवलेले असतात. ते सांगतात, आणि पेटी बसल्या जागी ठरवते की इंधन किती फवारायचं आणि ठिणगी कधी टाकायची. थोडक्यात, जागची न उठता सगळ्या घराची खबर ठेवणारी बाई. मला हे समजावताना सूनबाईनं कोणाचं नाव घेतलं नाही, फक्त माझ्याकडे बघून हसली. मी विचारलं, एखाद्या सेन्सरनं खोटं सांगितलं तर? म्हणाली, पेटी बिचारी खरंच धरून चालते, तिच्याकडे दुसरं काय आहे? बातमी चुकीची आली की हुकूम चुकीचा सुटतो, गाडी धूर ओकते, आणि लोक पेटीला शिव्या देतात. अगदीच न पटणारं काही सांगितलं तर मात्र ती त्याचं ऐकणं सोडते, समोर दिवा लावते आणि आपल्या अंदाजानं गाडी हळूहळू चालवते. मला तेव्हा हे सगळं फार हसण्यासारखं वाटलं होतं.

लोक लहान मोटरींचे जळके वेढे नव्यानं भरून घेईनासे झाले, टाकून नवीनच आणतात. दोन वर्षं आमचं दुकान त्या डबड्यांवर उभं आहे. हे मी घरात कधी मोठ्यानं म्हटलेलं नाही. तुम्हीही इथलं नाव सांगून कुठं म्हणू नका.

तर आमच्या चौकात एक पाववाला आहे. त्याच्या व्हॅनमधे पिठाचं पोतं फुटलं. त्या शहाण्यानं पीठ धुता धुता जोराच्या फवाऱ्यानं इंजिनही धुतलं, आणि पेटीत पाणी शिरलं. गाडी सुरू होई आणि मरे, सुरू होई आणि मरे. त्यानं पेटी काढून आणली. सूनबाईनं ती उघडली, ब्रशनं आणि स्पिरिटनं आतला हिरवा गंज साफ केला, आणि टेबलावर एक साधा पिवळा बल्ब लावून त्याच्याखाली ठेवली. भोवती पुठ्ठ्याचं खोकं. अंड्याला ऊब देतात तसं. मग मला म्हणाली, "आई, हिला फक्त ऊब हवी. हात लावू नका हं, मी एक पार्ट घेऊन येते."

हात लावू नका! ज्या हातांनी निम्म्या गावाचे पंप फिरवले त्यांना! मी बल्बाकडे बघितलं, पेटीकडे बघितलं, भट्टीकडे बघितलं. भट्टी तापलेलीच होती, तीन मोटरी आत होत्या. आता खरं लिहिते. पोरीचं काम लवकर व्हावं म्हणून मी ते केलं, हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं असं की ती परत आली की सुकी खणखणीत पेटी तिच्या हातात ठेवून "ऊब म्हणे!" असं म्हणायचं होतं. वाक्य तयार होतं. नुसतं उच्चारायचं बाकी होतं. मी पेटी उचलली, काम निगुतीचं व्हावं म्हणून आतून वार्निशाचा एक हात दिला, आणि भट्टीत जागा होती तिथं ठेवली. जागा कुठं होती? मागच्या डाव्या कोपऱ्यात.

दोन तासांनी दार उघडलं तर वास मोटरीचा नव्हता. प्लगाची काळी कड मेणासारखी कलंडलेली. आतले नळकांड्यांसारखे कॅपॅसिटर फुगून त्यांची डोकी फाटलेली. आणि एका बाजूचे मुंगीएवढे भाग जागा सोडून वार्निशात चिकटून बसलेले, जसे काही लाडवावर. एवढ्यात सूनबाई आली. तिनं पेटी बघितली, मग माझ्या हातातला वार्निशाचा ब्रश बघितला. पिशवी ठेवली, फडक्यात पेटी धरली आणि तिच्यावर फुंकर घातली. पोर पडलं की गुडघ्यावर घालतात तशी. (मला त्या वेळी त्याचा रागच आला.)

आणि तेवढ्यात पाववाला दारात. त्यानं पेटी बघितली आणि ओरडला, "हे कोणी केलं?"

मी म्हणाले, "पेट्यांचं काम सूनबाईकडे असतं, तिला विचारा."

विहीणबाई, या वाक्यात एक अक्षर खोटं नाही. तपासून बघा. म्हणूनच ते इतकं बेमालूम लागू पडलं. माझ्या हातात ब्रश होता, तो मी पदराआड केला. तुमचे जावई तिथंच बेअरिंग ठोकत होते, ते ठोकतच राहिले. नंतर विचारलं तर म्हणाले, मला ऐकू आलं नाही. (चूक केली की तो तुमचा जावई, एरवी माझा मुलगा.) सूनबाईनं माझ्याकडे एकदा बघितलं. मी काही म्हणेन म्हणून ती थांबली होती, हे मला आता कळतं. तेव्हाही कळत होतं. मग ती पाववाल्याला म्हणाली, "चूक माझीच आहे. उघडी टाकून जायला नको होती." तो पाव तास बोलला. आजीच्या हाताखाली राहून एवढी अक्कल आली नाही का, असंही म्हणाला. कशाला खोटं बोलू, ते मला गोड लागलं.

त्यानंतर दोन दिवस ती दुकानात होती. हातातल्या पाच पेट्या पुऱ्या केल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी लावली, कोणाची, काय केलं, गाडीला लावताना कशी काळजी घ्यायची. चिठ्ठ्या मोठ्या अक्षरात होत्या आणि शब्द साधे होते. मला वाचता याव्यात म्हणून. मग नातीला घेऊन, तुमचं दुखणं सांगून गेली.

पाववाल्याचं काम दुसरीकडे झालं. जुनी पेटी मिळाली, तिची त्याच्या किल्लीशी ओळख करून द्यावी लागते म्हणे, नाहीतर गाडी सुरू होत नाही. तीही कोणीतरी करून दिली. गाडी धावते. पण गाडीबरोबर गोष्टही धावते. रोज सकाळी दारोदार पाव आणि पावाबरोबर आमच्या सूनबाईनं पेटी भट्टीत घातली ही बातमी. आता गाडीवाले आमच्या दुकानासमोरून जाताना हळू करतात, आत बघतात आणि पुढं जातात. एकानं तर विचारलं, इथं पेट्या दुरुस्त करतात की शेकतात? मी त्याला पाना दाखवला. पण तो तरी काय करणार? त्याला जे कळवलं गेलं त्यावर तो चालला. कळवणारी मी.

नवव्या दिवशी मी ठरवलं की सांगून टाकायचं. तुम्हाला माहीत नाही, पण मी 'माझं चुकलं' हे आजवर कोणाला म्हटलेलं नाही. ह्यांनाही नाही. तेही कधी म्हणाले नाहीत, आम्ही बरोबरीत सुटलो. सकाळी पाववाला आला तशी त्याला पायरीवर थांबवलं आणि म्हटलं, "ऐक. पेटी मी भाजली. सुनेनं नाही."

त्याला काही पटेना. मी म्हटलं, पेटीला वार्निश दिलं होतं, असलं काम माझ्याशिवाय कोण करेल? तर म्हणाला, "तुमच्याकडूनच शिकली ना ती!" मी म्हटलं, अरे मागचा डावा कोपरा जास्त तापतो, तिथं ठेवली मी. तर म्हणाला, "आजी, भट्टीचं मला नका सांगू, माझ्याही भट्टीचा मागचा कोपरा पाव करपवतो. पण सुनेसाठी एवढं अंगावर घेणारी सासू मी जन्मात पाहिली नाही." आणि डोळे पुसले हो त्यानं! पिठाच्या हातानं!

दुसऱ्या दिवसापासून पावाबरोबर नवी बातमी. आता मी चौकातली आदर्श सासू आहे. शिंपिणीची सून तिला रोज माझं नाव ऐकवते. दोन बायका मला नुसत्या बघून गेल्या. सासूबाई काय प्रेमळ, आणि सूनबाई बघा, चूक करून वर माहेरी जाऊन बसली! मी जितकं खरं बोलते तितकी ती खोल जाते. इकडून ओढावं तर तिकडून गाळ वर येतो. तुमच्या जावयांना म्हटलं, तू तरी सांग लोकांना. त्यांनी सांगितलं. लोक म्हणाले, आईवर गेलाय, किती समजूतदार.

हेही मी गिळलं असतं. लोकांनी चांगलं म्हटल्यानं कोणी मरत नाही. पण परवा दुकानात फोन आला. तुमच्या गावच्या मोठ्या गॅरेजातून. तिनं तिथं कामासाठी विचारलं होतं, हे मला त्या फोनवरूनच कळलं. तुम्हाला ठाऊक असेलच. तो माणूस म्हणाला, बाईंचा हात चांगला आहे, पण आमच्या ड्रायव्हरनं काहीतरी भट्टीचं ऐकलंय, ते खरं का? मी म्हटलं, भट्टीत मी घातली, ती दुकानात नव्हती, मी तिची सासू. तो हसला. म्हणाला, "कळलं, कळलं आजी." आणि ठेवला. मीही ठेवला आणि कामाला बसले. आत वेढे अर्धे मोजून झाले होते. किती झाले होते ते विसरले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजले. हे चाळीस वर्षांत कधी झालं नव्हतं.

त्या गॅरेजवाल्यानं तिला काम दिलं नसेल. तिनं ते तुम्हाला सांगितलंही नसेल. तिची आठ वर्षांची मेहनत आहे, विहीणबाई. रात्री नव्हे, भर दुपारी, दुकानात, मोटरी वाजत असताना, त्या आवाजात ती शिकली. मी रेडिओ मोठा करायचे. माझ्या एका वाक्यानं ते सगळं फुकट गेलं, आणि आता शंभर वाक्यांनी परत येत नाही.

बाकी सर्व ठीक. भट्टी चालू आहे. व्याह्यांना सांगा, गुडघा शेकू नका.

तुमची विहीण

ता. क. – मुख्य कामाचं वर राहूनच गेलं. तिला परत पाठवा म्हणून हे पत्र नाही. तिला तिकडे राहायचं असेल तर राहू दे, तिकडे काम मिळालं तर करू दे, दुकानाचं आम्ही बघू. (बघू म्हणजे काय बघू ते मला माहीत नाही, पण बघू.) पण एक दिवस तिला इकडे पाठवा. सकाळी, पाववाला यायच्या वेळेला. तेव्हा दारात चारपाच माणसं असतात. त्यांच्यादेखत तिनं मला बोलावं. मोठ्यानं. कोणी केलं, कसं केलं, ब्रश कुठं लपवला, सगळं. मी खाली मान घालून ऐकून घेईन, एक शब्द उलट बोलणार नाही. माझ्या सांगण्यावर कोणाचा विश्वास नाही, पण मी ऐकून घेते आहे हे डोळ्यांनी दिसलं तर पटेल. हे या गल्लीनं अजून पाहिलेलं नाही. गॅरेजवाल्यालाही त्या दिवशी बोलवायचं मी बघते.

दुसरा ता. क. – पत्र तिला वाचून दाखवलंत तरी चालेल. फुंकर घातली ते मात्र गाळा. मी बघत होते हे तिला माहीत नाही.

तिसरा ता. क. – तिला बोलणं जमणार नाही हे मला ठाऊक आहे. 'आई, तुम्ही असं करायला नको होतं' एवढं म्हणेल आणि पाणी आणायला आत जाईल, आणि पाववाला पुन्हा डोळे पुसेल. म्हणून तिनं मला काय काय बोलायचं ते मी वेगळ्या कागदावर लिहून सोबत पाठवते आहे. तिच्याकडून पाठ करून घ्या. मधे दोन जागा मोकळ्या सोडल्यात, तिथं तुम्ही आपल्याकडून भर घाला. इतक्या वर्षांचं तुमच्याही मनात काही असेलच.